दुधाच्या दाताचं फिलिंग झालं, आता वरून ते काय लावलं?

सांगलीत विश्रामबागला लहान मुलांच्या दातांच्या एका दवाखान्यात मी असिस्टंट आहे, नऊ वर्षं झाली. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं काम म्हणजे सक्शन धरायचं, सिमेंट कालवायचं, पोराचा हात धरायचा आणि बाहेर आल्यावर आईबापाला काय करायचं काय नाही ते समजावायचं, आणि हे शेवटचं काम करताना रोज तेच तेच बोलून माझा घसा बसतो म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

मागच्या आठवड्यात एक आजी नातवाला घेऊन आलेल्या. आमच्या डॉक्टर मॅडमनी दाढ भरली आणि शेवटी त्यावर बोटाने पेट्रोलियम जेली लावली. आजी बघत होत्या, म्हणाल्या, "अगं बाई, व्हॅसलीन कशाला? ओठ फुटलेत काय त्याचे?" मॅडम हसल्या, मी पण हसले, पण प्रश्न बरोबर होता की. पैसे फिलिंगचे दिले, मग वरून हे काय? आणि घरी जाईपर्यंत ते पुसून जाणारच असेल तर लावलं तरी कशाला?

तर पहिलं म्हणजे, कुठलं फिलिंग केलंय ते विचारा. सगळ्या फिलिंगला वरचा थर लागत नाही. दुधाच्या दातात आमच्याकडे सगळ्यात जास्त जातं ते जीआयसी, म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट. पांढरी पावडर असते आणि चिकट ॲसिडचं लिक्विड, दोन्ही कालवलं की पाच-सहा मिनिटांत घट्ट होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या विल्सन आणि केंट या दोघांनी हे काढलं, आणि मुलांच्या दातात ते एवढं चालतं त्याचं कारण म्हणजे दाताला स्वतःहून चिकटतं, त्यातून फ्लोराइड बाहेर पडत राहतं आणि पोरगं जरा हललं-रडलं तरी काम उरकता येतं. दुसरं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं प्लास्टिकसारखं रेझिन, ते निळ्या लाइटने तिथल्या तिथं कडक होतं, त्याला पाण्यापासून जपायला म्हणून वरून काही लावायची गरज नसते. या दोघांच्या मधलं एक असतं, लाइटने सेट होणारं रेझिनवालं जीआयसी, त्याला पाण्याचा त्रास कमी. आणि स्टीलची कॅप बसवली असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाहीच. काही लोक अजून चांदी भरा म्हणून येतात, तर १५ वर्षांखालच्या मुलांना आणि दुधाच्या दातांत पाऱ्याची चांदी भरायची नाही असं मिनामाता कराराच्या, म्हणजे पाऱ्याचा वापर कमी करायच्या जागतिक कराराच्या, देशांनी २०२२ मध्ये ठरवलंय, डॉक्टरला अगदीच गरज वाटली तर गोष्ट वेगळी. भारत त्या करारात आहे.

म्हणजे हा सगळा खटाटोप जीआयसीसाठी. का, ते सांगते.

घराचा स्लॅब टाकल्यावर गवंडी काय सांगतो, आठ दिवस पाणी मारा. जीआयसी पण सिमेंटच आहे, पण त्याचा स्वभाव अर्धा उलटा. घट्ट दिसायला लागलं तरी आतलं काम चालूच असतं, पूर्ण ताकद यायला निदान एक दिवस जातो, पुढेही ते हळूहळू मुरत राहतं. या सुरुवातीच्या वेळात थुंकी लागली तर सेट व्हायला जे कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम लागतं तेच धुऊन जातं, वरचा भाग खडूसारखा पांढरट, भुसभुशीत होतो. बरं मग कोरडं ठेवलं तर? तरी बिघडतंच, कारण सिमेंटच्या आत स्वतःचं पाणी असतं आणि ते उडालं की बारीक बारीक भेगा पडतात, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला पडतात ना तशा. म्हणून आतलं पाणी आत राहिलं पाहिजे आणि बाहेरचं बाहेर, वरच्या थराचं काम एवढंच.

आता घरून निघण्यापासून सुरू करू.

येण्याआधी. पोराला खाऊ घालून आणा, पण अगदी दारात घास भरवून नको, तासभर आधी. कारण नंतर किमान एक तास खायला मिळणार नाही आणि उपाशी पोरगं खुर्चीतून उतरल्या उतरल्या भूक भूक करतं, मग तुम्ही वैतागून बिस्किट देता. मला माहितेय, मी पण दिलेलं आहे. सर्दी असेल, नाक चोंदलेलं असेल तर फोन करून पुढची तारीख घ्या. नाक बंद म्हणजे पोरगं तोंडाने श्वास घेणार, तोंड उघडं ठेवून झोपायला त्याला जमत नाही, मग दाढ कोरडी ठेवायची कशी? कुठली ॲलर्जी असेल तर तीही सांगा, दुधाची असली तरी, कारण काही दातांच्या पेस्ट-वार्निशमध्ये दुधातलं प्रोटीन असतं. काहींत राळ असते, तीही एखाद्याला सोसत नाही.

आणि खिसे तपासा. खरंच सांगते. तासगावहून एक मुलगा आलेला, सहा वर्षांचा, घरचंच बेदाण्याचं शेड. फिलिंग झालं, वरचा थर म्हणून वार्निश लावलं, मॅडम हात धुवायला वळल्या आणि मी त्याच्या आईशी बोलतेय तोवर ह्याने खिशातून मूठभर बेदाणे काढून तोंडात. चार मिनिटं पण झाली नव्हती. बेदाणा किती चिकट असतो ते सांगलीकरांना सांगायला नको, दाढेवरचं वार्निश आणि सिमेंटचा वरचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघून आला. परत सगळं काढून पहिल्यापासून. त्याची आई त्याला ओरडली, मॅडम मला ओरडल्या.

खुर्चीत काय होतं. कीड काढतात, दाढेला कापसाच्या गुंडाळ्या लावून कोरडं करतात, मग एक पातळ ॲसिड दहा-वीस सेकंद लावून धुतात, त्याने दात स्वच्छ होतो आणि सिमेंट चांगलं धरतं. ॲसिड हा शब्द ऐकून घाबरू नका, सिमेंटच्या लिक्विडमधलंच सौम्य ॲसिड असतं ते. मग मी कालवते. कागदाच्या पॅडवर पावडरचा चमचा आणि लिक्विडचा थेंब, अर्ध्या मिनिटाच्या आत झालं पाहिजे. कालवलेलं सिमेंट चमकत असलं पाहिजे, ओल्या पुट्टीसारखं. चमक गेली म्हणजे ते दाताला चिकटायच्या लायकीचं राहिलं नाही, टाकून द्यायचं आणि दुसरं करायचं. पहिल्या वर्षी मी असं किती वाया घालवलं असेल त्याचा हिशोब नाही. काही ठिकाणी कॅप्सूल असते, मशीनमध्ये हलवली की तयार, पण ती महाग पडते.

सिमेंट दाढेत भरलं की मॅडम ग्लोव्हजच्या बोटाला जेली लावून वरून दाबतात आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवतात. ही बोटाने दाबायची रीत मॅडमनी मला समजावून सांगितलेली. १९८०च्या दशकात टांझानियात वीज नसलेल्या गावांत ड्रिलशिवाय, फक्त हाताच्या हत्यारांनी दात भरायची पद्धत निघाली, तिला एआरटी म्हणतात, १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पण ती उचलून धरली. बोटाला जेली का, तर सिमेंट ग्लोव्हजला चिकटून उचलून येऊ नये म्हणून आणि त्याच झटक्यात वर थरही बसतो. मग चावायला लावून निळा कागद धरतात, उंच लागतंय का बघतात, जादाचं खरवडतात. खरवडलं की वरची जेली पण गेली ना, म्हणून शेवटी परत थर द्यायचाच. हे शेवटचं घाईत राहून जातं. पोरगं तोपर्यंत कंटाळलेलं असतं, बाहेर चार पेशंट बसलेले असतात. तेव्हा तुम्ही नम्रपणे विचारलंत, "मॅडम, वरून कोट दिलं का?" तर कुणाला राग यायचं कारण नाही.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण माझ्या थोरल्याचं तसंच झालेलं. मी या कामाला लागायच्या आधीची गोष्ट, दुसऱ्या एका ठिकाणी त्याची दाढ भरून घेतली, वरून काही लावलं नाही, खायचं कधी तेही कुणी सांगितलं नाही, आणि बाहेर पडल्या पडल्या मी त्याला उसाचा रस पाजला. बर्फ घालून. आठवड्यात दाढेचा वरचा भाग खडूसारखा झाला आणि महिन्यात कोपरा तुटला. रसानेच झालं की आणखी कशाने ते आता कोण सांगणार, पण मला मात्र अजून रसवंतीची घंटा ऐकली की ती दाढ आठवते.

थर तीन प्रकारचे.

जेली सगळ्यात स्वस्त, सगळीकडे मिळते. तोटा म्हणजे जीभ फिरली, दोन घास चावले की गेली. पण सुरुवातीची नाजूक मिनिटं तेवढी भागतात.

वार्निश म्हणजे झाडाच्या राळेसारखं काहीतरी स्पिरिटसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेलं असतं, ब्रशने लावायचं, हवा मारून वाळवायचं, बहुतेक वेळा दोन हात द्यायचे. वास उग्र असतो, पोरं नाक मुरडतात. जेलीपेक्षा टिकतं पण पाणी अगदी पक्कं अडवतं असं नाही.

तिसरं रेझिनचं कोट, पारदर्शक असतं, ब्रशने लावून निळ्या लाइटने वीसेक सेकंदांत कडक करतात. फार पातळ, साधारण केसाच्या जाडीएवढं. पाणी अडवण्यात हे सगळ्यात चांगलं, वर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, घाण कमी बसते. पण ह्याचीही एक गोम आहे, सिमेंटमधलं फ्लोराइड सगळ्यात जास्त बाहेर पडतं ते पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि पक्कं कोट असलं की तेच अडतं. कोट झिजलं की परत सुरू होतं म्हणा.

मग कुठलं घ्यावं? लोक मला हे विचारतात जणू मी साड्या दाखवतेय. माझं मत सांगते, मत म्हणूनच घ्या. दुधाच्या दातांवर जे अभ्यास झालेत त्यात महागडं कोट दिलेलं फिलिंग दरवेळी जास्त टिकलं असं काही दिसलेलं नाही. कीड कुठे आहे यावर त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. दाढेच्या फक्त वरच्या बाजूला खड्डा असेल तर दोन वर्षांनी शंभरातली नव्वदच्या वर फिलिंग जागेवर असतात, तेच दोन दाढांच्या मधल्या भिंतीत कीड असेल तर पासष्टच्या आसपास. ही आकडेवारी एआरटी पद्धतीच्या फिलिंगची आहे. म्हणून मॅडम कधी कधी मधल्या किडीला फिलिंगच्या ऐवजी सरळ स्टीलची कॅपच सांगतात, तेव्हा "पैसे काढतायत" असं वाटून घेऊ नका. कोट कुठलं आहे यावरून दवाखाना बदलायची गरज नाही. अजिबातच काही न लावता पोराला उठवलं, तर मात्र विचारा.

पहिला तास. काही खायचं नाही. चूळ भरायची नाही, आणि बाटली तोंडाला लावायची सवय असेल तर तेवढा वेळ बाटली पिशवीत. तहान लागली तर नंतर एखादा घोट, उलट्या बाजूने. जिभेने दाढ चाचपायची नाही हे पोराला सांगून उपयोग नसतो, तेवढी करमणूक त्याला असू दे. सुन्न करायचं इंजेक्शन दिलं असेल तर ओठाकडे लक्ष ठेवा, दोन-तीन तास ओठ बधिर असतो आणि मुलं गंमत म्हणून चावत बसतात, संध्याकाळी ओठ सुजून येतो आणि मग दवाखान्यात फोन, "मॅडम इन्फेक्शन झालं." इन्फेक्शन नसतं, चावलेलं असतं.

तास काढायचा कसा हा खरा प्रश्न. गणपतीच्या देवळात नेऊन आणा, आयर्विन पुलावर जाऊन कृष्णेचं पाणी बघा, पण वाटेतला भडंगवाला चुकवूनच जा.

पहिला दिवस. मऊ खायचं. वरणभात, मऊ उपमा, दहीभात, केळं. उलट्या बाजूने चावायचं. चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, भडंग, ऊस, बेदाणे, च्युइंगम हे सगळं उद्यावर. आणि हळद. सांगलीत राहून हळदीचं वाकडं बोलावंसं वाटत नाही, पण ताजं जीआयसी हळदीचा रंग पिऊन घेतं. दाढ भरली म्हणून आजी रात्री कौतुकाने हळददूध देतात, दुसऱ्या दिवशी फिलिंग पिवळं, आणि आई घाबरून येते की कीड परत आली. कीड नाही ती. रंगाने दाढेला काही होत नाही, फक्त दिसायला बरं नाही. त्या दिवशी साधं दूध द्या.

रात्री ब्रश करायचाच. "फिलिंग निघेल" म्हणून ब्रश बंद करणारे आईबाप मी दर आठवड्याला बघते. मऊ ब्रश, हलक्या हाताने, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाला वाटाण्याएवढी. मंजन नको, त्याची खरखर कोट पण घासून काढते आणि सिमेंट पण. आणि मशेरी तर तंबाखू आहे, आजीच्या डबीत पोराचं बोट जाऊ देऊ नका.

पुढचे महिने. जेली त्याच दिवशी गेलेली असते, वार्निश त्यानंतर थोड्या दिवसांत, रेझिनचं कोट काही महिन्यांत चावून चावून झिजतं. जाऊ दे. एव्हाना सिमेंट आतून मुरलेलं असतं. कधी कधी कोटचा पारदर्शक पापुद्रा सुटून जिभेवर येतो, नखाएवढा पण नसतो, पोरगं म्हणतं फिलिंग पडलं. आरशात बघा, दाढेत पांढरं आहे ना, मग पडलेलं नाही. माझ्या धाकटीची दाढ अकराव्या वर्षी पडली, पाचव्या वर्षी भरलेली. मी ती डबीत ठेवलीय. सिमेंट मधे थोडं खोल गेलंय, कडेला हळदीची पिवळी रेघ आहे, कोटचा पत्ता नाही.

"दुधाचा दात, पडणारच आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब सांगते. पुढचे दात सहा-सातला पडतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बाराव्या वर्षापर्यंत असतात. चौथ्या वर्षी भरलेल्या दाढेला सहा-आठ वर्षं जेवायचंय. ती आधीच काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा खाते.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. शाळेत किंवा शिबिरात फ्लोराइडची जेल लावतात, त्यातली काही आंबट, ॲसिडवाली असते, ती जीआयसीचा पृष्ठभाग खाते. मुलाच्या तोंडात असलं फिलिंग असेल तर तिथल्या डॉक्टरला आधी सांगा, ॲसिड नसलेलं फ्लोराइड असतं ते लावतात. आणि फ्लोराइड वार्निश म्हणजे फिलिंगवरचं वार्निश नव्हे, नाव एकच म्हणून घोटाळा होतो. फ्लोराइड वार्निश कीड लागू नये म्हणून सगळ्या दातांना तीन ते सहा महिन्यांनी लावतात. सीलंट आणखी तिसरंच, ते चांगल्या दाढेच्या खाचा बुजवायला. बिल बघताना कुठलं लिहिलंय ते वाचा.

फोन कधी करायचा? चावताना उंच लागतंय आणि दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर. कडा तुटून जीभ कापत असेल तर. त्याच जागी रोज अन्न अडकत असेल तर. रात्री झोपेतून उठून रडण्याएवढं दुखत असेल, हिरडीवर पुळी आली किंवा गाल सुजला तर थांबायचंच नाही, तेव्हा प्रश्न कोटचा राहिलेला नसतो, दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेला असतो. काही झालं नाही तरी तीन ते सहा महिन्यांनी दाखवून घ्या, कोट गेलं असेल तर वाटल्यास परत देतात, दोन मिनिटांचं काम.

खाजगीत परवडत नसेल तर भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज इथंच सांगलीत आहे, वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज कवलापूरला, आणि साताऱ्याकडच्यांना कराडचं कृष्णा आहे. अंगणवाडी-शाळेत आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, तपासणी होते तिथंही दातांची कीड बघतात, त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात ठेवून विसरू नका. कॉलेजमध्ये सकाळी लवकर जा, शिकणारे डॉक्टर असतात, मोठे सर-मॅडम येऊन तपासतात, त्यात वेळ जातो, अर्धा दिवस धरूनच चला. केसपेपर काढतानाच पोरगं किती वाजता जेवलंय ते बघून ठेवा, म्हणजे नंतरच्या त्या तासाला भूक आडवी येणार नाही. डबा न्या, पण तो तुमच्या पिशवीत, पोराच्या हातात नको.